'आज नाही' हे कोण शिकवणार? छोट्या विमानांच्या प्रशिक्षकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

उड्डाण शिकवणाऱ्या आणि उड्डाणाची परीक्षा घेणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. प्रशिक्षकाच्या उजव्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका बघण्यात आणि स्वतःच्या लपवण्यात माझी बावीस वर्षं गेली. हे पत्र लिहायला निमित्त झालं एका विद्यार्थिनीचं. गेल्या महिन्यात ती लायसन्सची परीक्षा देऊन आली. पास झाली. मी सहज विचारलं, "वारा कसा होता गं?" म्हणाली, "आडवा होता सर. १७-१८ नॉट, वर झटके." त्या विमानाच्या हँडबुकात आडव्या वाऱ्याचा आकडा १५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरचा आहे, हे तिला तोंडपाठ होतं. मीच पाठ करून घेतला होता. मग गेलीस कशाला? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "परीक्षकांनी विचारलं, निघायचं ना? त्यांना नाही कसं म्हणणार? आणि पुन्हा तारीख कधी मिळाली असती?"

लँडिंग म्हणे झकास झालं. परीक्षकांनी पाठ थोपटली.

खरं सांगायचं तर ती नापास व्हायला हवी होती, आणि तिच्याबरोबर मीही. आडव्या वाऱ्यातलं लँडिंग मी तिच्याकडून चाळीसएक वेळा घोटून घेतलं असेल. 'आज नाही जाणार' हे वाक्य मात्र तिने माझ्यासमोर एकदाही उच्चारलेलं नाही. कारण दर वेळी हवा बघून जायचं की नाही ते मी ठरवत आलो. मी 'चल' म्हटलं की ती चालली, मी 'आज राहू दे' म्हटलं की ती घरी गेली. मग परीक्षेच्या दिवशी हा निर्णय तिला अचानक कुठून सुचणार?

छोट्या विमानांच्या अपघातांचे अहवाल तुम्हीही वाचता. इंजिन धडधाकट, कंट्रोल शाबूत, आणि शेवटी कारण पायलटपाशी येऊन थांबतं, असं चारांतल्या जवळपास तीन अपघातांत दिसतं. आपण लगेच म्हणतो, 'पायलटची चूक'. या दोन शब्दांनी अहवाल मिटतो. पण ती चूक शेवटच्या दहा सेकंदांतली असते असं आपण धरून चालतो, आणि इथेच गल्लत होते. शेवटच्या दहा सेकंदांत स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल संपून विमान कोसळलं, हे खरं. पण त्या जागी, त्या उंचीवर, तेवढं वजन घेऊन विमान आलंच कसं, याची गोष्ट बहुतेक वेळा आदल्या रात्रीच सुरू झालेली असते.

११ एप्रिल १९९६ चा शायेनचा अपघात घ्या. अमेरिकेत वायोमिंग राज्यात. जेसिका डुब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमान चालवत नेणार, असा गाजावाजा झाला होता. सात वर्षांच्या मुलीला कसलं लायसन्स असणार? पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला पायलट, होता शेजारी बसलेला प्रशिक्षक. मागे तिचे वडील. विमान सेसना १७७बी. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५६ फुटांवर, आणि त्या सकाळची डेन्सिटी अल्टिट्यूड ६,६७० फूट, म्हणजे विमानाला हवा तेवढ्या उंचीवर असावी इतकी विरळ लागत होती. प्रशिक्षकाचा रोजचा सराव समुद्रकाठच्या विमानतळावरचा. विमान टेक-ऑफच्या वेळी परवानगीच्या कमाल वजनापेक्षा ९६ पौंडांनी, म्हणजे सुमारे ४४ किलोंनी जड. पाऊस पडतोय, वादळी ढग सरकत येतायत. नुकत्याच उडालेल्या एका विमानाने वेगात १५ नॉटची चढउतार होत असल्याचं कळवलेलं, आणि टॉवरने ते यांच्या कानावरही घातलेलं. तरी निघाले. थोड्याच वेळात वळणात वेग पडला, स्टॉल झाला आणि तिघेही गेले.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या अपघात तपास मंडळाने, कारण लिहिताना स्टॉलवर थांबायचं नाकारलं. बिघडत्या हवेत, जादा वजन घेऊन, सवयीपेक्षा विरळ हवेतून निघण्याचा निर्णय त्यांनी आधी मांडला. हातभार लावणारी गोष्ट म्हणून नोंदवलं ते झेपणार नाही असं वेळापत्रक, आणि ते पाळण्यामागची, काही अंशी पत्रकारांना दिलेल्या शब्दांपायी आलेली धडपड.

बातम्यांत चर्चा झाली ती मुलीच्या वयाची. लहान मुलांकडून असे विक्रम करून घेण्यावर कायदाही आला. मला त्या अहवालात दिसतो तो आपल्यातला माणूस. उजव्या सीटवरचा. त्याला वजनाचं कोष्टक भरता येत नव्हतं का? डेन्सिटी अल्टिट्यूड काय असते हे त्याने किती मुलांना फळ्यावर समजावलं असेल! पण पुढच्या मुक्कामी लोक वाट बघत होते, आणि अशा वेळी कोष्टक खिशातून बाहेर निघत नाही.

आणि कोष्टकाचं तरी काय? परवा एका विद्यार्थ्याने वजनाचा कागद आणून दिला. अक्षर मोत्यासारखं, खाली दुहेरी रेघ. चारही माणसं ७७ किलोंची. मी म्हटलं, चौघे जुळे भाऊ आहेत का? मागच्या सीटवरची बॅग '५ किलो'. ती उचलून काट्यावर ठेवली तर १४ भरली. हा मुलगा खोटारडा नाही. त्याच्या लेखी हा कागद प्रशिक्षकाला दाखवायचा असतो, विमानाला लागू पडायचा नसतो. सेसना १७२ च्या एस मॉडेलचं कमाल वजन १,१५७ किलो. टाक्या गळ्यापर्यंत भरल्या की वापरता येण्याजोगं इंधनच १४४ किलोंचं होतं. माणसं आणि सामान यांच्यासाठी उरतात अडीचशेच्या आसपास किलो. सीटा चार आहेत म्हणून माणसं चार बसवायची, ही गाडीची अक्कल झाली. टाक्या भरायच्या की सीटा, हे विमानाच्या दारात उभं राहून, हातात बॅगा असताना ठरत नाही. तेव्हा भिडस्तपणा आड येतो. कुणाला म्हणणार, तू उतर?

उष्ण दुपारी हा हिशेब आणखी फसवतो. ४,००० फुटांवरची धावपट्टी आणि पारा ३५ अंश. प्रमाण हवामानात त्या उंचीला ७ अंश असायला हवेत, म्हणजे २८ अंश जास्त. अंशाला १२० फूट या आपल्या ठोकताळ्याने विमानाला ती धावपट्टी ७,३०० फुटांच्याही वर असल्यासारखी भासते. धाव लांबते, चढण मंदावते, आणि स्पीडोमीटर नेहमीचाच आकडा दाखवत राहतो. धावपट्टीपलीकडची झाडं सकाळी पायाखालून गेलेली असतात, म्हणून दुपारीही जातील असं वाटतं.

इंधनावर जरा थांबतो, कारण याच्याइतका लाजिरवाणा अपघात दुसरा नाही. एनटीएसबीने २०१७ मध्ये सावधगिरीचा इशारा काढला, त्यानुसार एकट्या अमेरिकेत इंधनाच्या व्यवस्थापनामुळे वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त अपघात होत होते. यात नवखे विद्यार्थी अगदी थोडे होते, हे लक्षात ठेवा. विद्यार्थ्याची टाकी कुणीतरी तपासत असतं. लायसन्स मिळालं की ते कुणीतरी जातं.

२०० नॉटिकल मैल जायचंय, विमानाचा वेग ११० नॉट. वारा नसेल तर १ तास ४९ मिनिटं. आता समोरून २५ नॉट वारा आला, तर जमिनीवरचा वेग ८५ आणि वेळ २ तास २१ मिनिटं. फरक बत्तीस मिनिटांचा. अर्ध्या तासाचं राखीव इंधन ठेवलंय म्हणून जो निवांत होता, त्याचं राखीव संपून तो दोन मिनिटं उसनी मागतोय. आणि हे कळायला कुठलं मोठं यंत्र लागत नाही. पहिल्या खुणेवर घड्याळ बघितलं, ठरल्यापेक्षा पाच मिनिटं उशीर झालाय हे दिसलं, की पुढचा सगळा हिशेब तिथेच उलगडतो. पण वाटेत एक इंधन मिळणारा विमानतळ असतो, मुक्काम 'आता आलाच' असतो, आणि इंधनाचा काटा अजून थोडा वर असतो. त्या काट्यांवर तुमचा विश्वास आहे? माझा नाही. पंखावर चढून डिपस्टिक टाकीत बुडवायची, ओली रेघ बघायची, वाऱ्यावर ती सुकायच्या आत आकडा लिहायचा. माझ्या एका विद्यार्थ्याने डिपस्टिक टाकीत न घालताच आकडा लिहिला होता. विचारलं तर म्हणे, "सकाळी भरलंय ना सर." सकाळपासून ते विमान दोनदा उडून आलं होतं.

दुसरा प्रकार याहून विचित्र. एक टाकी कोरडी, दुसरीत तासाभराचं इंधन, आणि सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ती कळ, कोरडीवर. इंजिन बंद पडल्यावर हात थ्रॉटलकडे जातो, रेडिओकडे जातो, सिलेक्टरकडे जात नाही. यापायी शेतात उतरून विमान मोडलेले लोक आहेत.

आता माझी गोष्ट. आजवर विद्यार्थ्यांना सांगितलेली नाही, म्हणून इथे सांगतो.

लायसन्स मिळून चारेक वर्षं झाली होती. एका मित्राला त्याच्या कामासाठी सोडायचं होतं, दीड तासाचा प्रवास. उपकरणांवर उडण्याचं रेटिंग माझ्याकडे नव्हतं, म्हणजे ढगात शिरायची मला परवानगी नव्हती. निघताना ढगांचा तळ तीन हजार फुटांवर. 'पुढे कमी होऊ शकतो' असं हवामान खात्याच्या कागदावर होतं आणि मी ते वाचलंही होतं. चाळीस मिनिटांनी ढग खाली आले. मी दोनशे फूट उतरलो. पुन्हा आले, पुन्हा दोनशे. एकदम हजार फूट उतरायची वेळ आली असती तर मी घाबरून वळलो असतो. दोनशे फुटांना कोण घाबरतं? असं करत करत जमिनीपासून सहाशे फुटांवर, एक रस्ता धरून चाललो होतो. समोर टेकड्या, आणि टेकड्यांची डोकी ढगात गेलेली. मी नकाशात खिंड शोधत होतो. खिंड! परत जायचा विचार मनात आला नव्हता असं नाही. आला होता. पण 'अजून पाच मिनिटं बघू' हा विचार दर वेळी त्याच्या पुढे उभा राहायचा.

मित्राने विचारलं, "आपल्याला अजून मागे जाता येतं ना?"

मी मागे बघितलं. मागेही पांढरं होऊ लागलं होतं. तेव्हा हात गळाले. वळलो, वीस मिनिटांमागची एक धावपट्टी गाठली आणि पाच तास तिथल्या शेडमध्ये बसून काढले. उतरल्यावर मी त्याला म्हणालो, "हवा खराब होती." हवा खराब होईल हे कागदावरच होतं. लॉगबुकात, म्हणजे माझ्या उड्डाणांच्या नोंदवहीत, त्या दिवशीच्या ओळीत वेळ आहे, ठिकाणं आहेत. बाकी काही नाही.

त्या खिंडीत शिरलो असतो तर काय झालं असतं, याचा अंदाज १९५४ पासून उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना बाहेरचं काहीच दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. कानातला तोल सांगतो की विमान सरळ आहे, आणि विमान वळत वळत खाली चाललेलं असतं.

ढगच लागतात असंही नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडींचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर पत्नी आणि मेहुणीला घेऊन स्वतः विमान चालवत निघाले, तेव्हा हवा कायद्याने उडण्याजोगी होती. पण धुरकट रात्र, खाली पाणी, क्षितिज नाही. विमान समुद्रात गेलं, कारण निघालं दिशाभ्रम. अहवालात एक ओळ आहे, ती प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावी: एका प्रशिक्षकाने 'मी बरोबर येतो' असं म्हटलं होतं, आणि 'मला एकट्याने करायचंय' असं उत्तर मिळालं होतं. त्या उत्तरावर माझा राग नाही. एकट्याने करणं म्हणजेच पायलट होणं, हे आपणच नाही का मनावर बिंबवत?

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की निर्णयक्षमता अभ्यासक्रमात आहे. आहे ना. पाच घातक वृत्तींची यादी आहे, मुलं ती घडाघडा म्हणतात. 'मला काही होणार नाही' ही त्यांतली एक वृत्ती आहे, आणि परीक्षेत ती ओळखून बरोबर खूण करणाऱ्या मुलालाही आतून तसंच वाटत असतं. चेकलिस्टचा जन्म १९३५ मध्ये बोइंगचं एक नवं विमान कंट्रोलचं कुलूप न काढताच उडालं आणि कोसळलं, त्यानंतरचा. तेव्हापासून आपण मशीन यादीने तपासतो आणि माणूस अंदाजाने. रात्री झोपलास का, सर्दीचं औषध घेतलंस का, घरून भांडून आलास का, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्याच्या, उड्डाणांपैकी किमान एक मुक्कामी पोहोचू नये. प्रशिक्षकाने काही न बोलता बसावं, निर्णय विद्यार्थ्याचा, आणि परत फिरल्याचे तास पूर्ण धरावेत. मागे वळताना पोटात जी एक नामुष्की दाटते, तिची ओळख पहिल्यांदा प्रशिक्षक शेजारी असताना झालेली बरी. शाळांनी विमान उशिरा आणणाऱ्याला, दुसरीकडे उतरून थांबणाऱ्याला तोंड वाकडं करून विचारू नये. 'पुढचा विद्यार्थी खोळंबलाय' हे वाक्य रेडिओवर तर मुळीच नको. सोलोवरच्या, म्हणजे एकट्याने उडणाऱ्या, मुलाच्या कानात ते किती वेळ घुमतं हे मी पाहिलंय.

परीक्षकांना वेगळं सांगायचंय. 'निघायचं ना?' हा प्रश्न नव्हे, तो हुकूम आहे. त्याऐवजी 'तुझा निर्णय काय, आणि कशावरून?' असं विचारा, आणि 'आज नको' असं उत्तर आलं, कारण पटलं, तर तेवढ्यापुरते गुण त्याच्या पदरात टाकून पुढची तारीख लवकर द्या. तारखेची भीती ही हवामानाहून मोठी झाली आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो मुद्दाम लिहितो, नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ निघायचा. टेक-ऑफनंतर तीन-चारशे फुटांवर इंजिन गेलं तर परत फिरायचं नाही. तिथे धावपट्टीकडे वळण्याचा मोह जीव घेतो. वळण तीव्र होतं, ४५ अंशांच्या बँकमध्ये, म्हणजे विमान तेवढं कलतं असताना, उंची राखायला गेलं की स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी, आणि जमीन जवळ दिसते म्हणून हात कंट्रोल मागे ओढतो. नाक खाली, समोर मोकळं दिसेल तिथे. पण हेसुद्धा थ्रॉटल पुढे सारण्याआधी, धावपट्टीवर उभं असताना मोठ्याने म्हणायचं असतं: 'अमुक फुटांखाली समोरच'. मोठ्याने, म्हणजे स्वतःच्या कानावर पडेल असं. इंजिन थांबल्यावरच्या शांततेत कुणालाही नवीन विचार सुचत नाही. आधी बोललेलं तेवढं आठवतं.

तशीच आकड्यांची एक चिठ्ठी घरी बसून, हवा छान असताना लिहून घ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून. ढग इतक्या फुटांखाली आले तर वळणार. घड्याळ इतकं मागे पडलं तर इंधनाला उतरणार. आडवा वारा इतका असेल तर चावी परत देणार. मला त्या खिंडीसमोर असा एक आकडा हवा होता. दोनशे-दोनशे फुटांचा सौदा मी स्वतःशी करत होतो, कारण सौदा तोडायला माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं.

त्या विद्यार्थिनीचा गेल्या रविवारी फोन आला. दोन मैत्रिणींना घेऊन जाणार होती. विमान तपासलं, इंधन मोजलं, मैत्रिणी बॅगा घेऊन उभ्या, आणि हिने वारा बघून चावी परत दिली. मैत्रिणी जरा रुसल्या म्हणे. मी शाबासकी दिली तर म्हणाली, "सर, पण हे लॉगबुकात कुठल्या रकान्यात लिहू?"

मला उत्तर देता आलं नाही. ते तुमच्याकडून कळलं तर बरं होईल.

आपला,
उजव्या सीटवरचा एक जण